न पाहिलेली उद्याने

उपसंपादकाला गाडी लागायची. गाडी म्हणजे कुठलीही. बस लागायची, मोटार लागायची, सासऱ्यांच्या स्कूटरवर मागे बसून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला तरी उतरताना चेहरा हिरवा पडायचा. कचेरीतली लिफ्टसुद्धा त्याला लागायची, म्हणून तो सगळे मजले जिन्याने चढायचा आणि वर पोचल्यावर धापा टाकत "व्यायाम होतो हो," असं सगळ्यांना सांगायचा. आणि हाच गृहस्थ वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत प्रवासाचं सदर चालवायचा.

सदराचं नाव होतं 'न पाहिलेली उद्याने'. फारशी कुणाला ठाऊक नसलेली राष्ट्रीय उद्यानं शोधून काढायची आणि दर रविवारी एकेकाची ओळख करून द्यायची. न पाहिलेली म्हणजे वाचकांनी न पाहिलेली, असा वाचकांचा समज. तो बरोबरच होता. फक्त ती लेखकानंही पाहिलेली नव्हती, एवढंच. नावात खोटं काहीच नव्हतं.

लिहायची पद्धत सोपी होती. उद्यानाच्या कचेरीत फोन लावायचा, झाडं कुठली, पक्षी कुठले, रस्ता कसा, एवढं विचारून घ्यायचं आणि त्यावर हात सैल सोडायचा. "पहाटेच्या धुक्यात पावलं आपोआप थबकली," असं त्यानं लिहिलं, त्या पहाटे ती पावलं गोधडीत होती. पण लोकांना सदर आवडायचं. नावाजलेल्या उद्यानांना लोक कंटाळले होते. तिथे प्राण्यांपेक्षा जीपगाड्या जास्त. आपल्याला बुवा जिथे कुणी जात नाही तिथे जायला आवडतं, असं जो तो म्हणायचा, आणि त्यामुळे जिथे कुणी जात नाही तिथे जायची हल्ली फार गर्दी व्हायची.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि भिंगं बदलत विचारायची, "आता स्पष्ट दिसतंय, की मघाशी?" रविवारी सकाळी ती नवऱ्याचं सदर वाचायची आणि पुरवणी घडी करून ठेवता ठेवता म्हणायची, "अहो, जगाला जंगलं दाखवता. मला एकदा तरी दाखवा."

"अगं, तुला माहितीय ना, मला गाडी लागते."

"मला नाही ना लागत! लग्न झाल्यापासून बघतेय, आपण चालत जाता येईल तिथंच जातो. सहल म्हणून बँकेत गेलोय आपण."

हे खरं होतं. बँकेत गार वाटायचं.

एका शनिवारी मात्र घात झाला. पुरवणीचं पान लागत होतं आणि आयत्या वेळी एक जाहिरात गळली. पान लावणारा ओरडला, "साहेब, उद्यानाखाली पांढरं दिसतंय. चार ओळी टाका!"

"सगळं लिहून झालंय रे. आता काय टाकू?"

"काही पण टाका. पान सोडायचंय."

उपसंपादकानं टाकलं. 'आणि गर्द झाडीआड दडलेला तो धबधबा! फारच थोड्यांनी पाहिलेला. त्याचं वर्णन करायला शब्द अपुरे पडतात.' चार ओळी बरोबर बसल्या. शब्द अपुरे पडले नाहीत. पान गेलं, तोही घरी गेला आणि शांत झोपला.

सोमवारपासून फोन सुरू झाले. झाडांबद्दल कुणी विचारेना, पक्ष्यांबद्दल कुणी विचारेना. ज्याला त्याला धबधबा हवा. संपादकांनी उपसंपादकाला केबिनमध्ये बोलावलं.

"काय लिहिलंयस! माझ्या बायकोनं मला दोनदा वाचून दाखवलं. हे बघ, यंदा वर्धापनदिनाला आपण भाषणं ठेवणार नाही. वाचकांची सहल काढू. त्याच उद्यानात. आणि सहल तू न्यायची."

"मी? साहेब, माझ्यापेक्षा क्रीडा प्रतिनिधी..."

"त्यानं पाहिलंय का उद्यान? तू पाहिलंयस ना!" संपादक पुढे झुकले. "नीट ऐक. पुरवणीप्रमुख निवृत्त होतायत. सहल चांगली झाली तर पुरवणी तुझी. आणि तोंडघशी पाडलंस आम्हाला, तर निधनवार्तांचं पान रिकामंच आहे. तिथला माणूस गेल्या महिन्यात स्वतःच त्या पानावर गेला."

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावेल, असं त्याला वाटलं होतं. ती पिशवी भरायला लागली.

"अगं, धबधबा नाहीये तिथं!"

"नसू दे. जंगल तर आहे? मी येतेय."

ठरल्या दिवशी सकाळी वाचक कचेरीसमोर जमले. सगळ्यांत पुढे भूगोलबाई. म्हणजे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई. सदरात नदीचं वळण चुकलं की त्यांचा फोन यायचा, म्हणून कचेरीत सगळे त्यांना वचकून असत. त्यांच्या मागे गळ्यात भलाथोरला कॅमेरा अडकवलेले दातांचे डॉक्टर. त्यांनी नुकताच कॅमेरा घेतला होता आणि दवाखान्यात दाढांखेरीज फोटो काढायला काही मिळत नव्हतं.

"मी सगळ्या कॉलनीला सांगून आलेय," भूगोलबाई म्हणाल्या. "म्हटलं, तुम्ही बसा घरात. आम्ही धबधबा बघून येतो."

"व्वा," उपसंपादक म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी केव्हाच पळालं होतं.

निरोप द्यायला आलेल्या संपादकांनी विचारलं, "काय रे, गाडी लागली का?"

"अजून नाही," तो खोल आवाजात म्हणाला. "पण लागेल."

"अरे, ही काय समोर उभी आहे! लागली की!"

गाडी लागली ती वेशीबाहेर पडेपर्यंत दोनदा. बायको त्याला पिशव्या पुरवत होती आणि मधल्या वेळात खिडकीतून बाहेर बघत होती. मागून भूगोलबाई म्हणत होत्या, "इतका प्रवास करणारा माणूस, आणि हे काय?" बायकोनं मान वळवली. "अहो, त्यांना पायी जायची सवय आहे ना. गाडीत बसायची वेळच येत नाही." बायकोनं जन्मात एवढं खरं आणि एवढं खोटं एका दमात बोलल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं.

उद्यानाच्या दारात वनाधिकारी उभे होते. कडक इस्त्रीचा गणवेश, नवेकोरे बूट. उपसंपादकाला बघताच ते धावत पुढे आले आणि त्याचा दंड धरून त्याला कचेरीच्या मागे घेऊन गेले. 'झालं,' उपसंपादकाला वाटलं, 'आता पितळ उघडं पडलं.'

"साहेब, बरं झालं आलात!" अधिकारी दबल्या आवाजात म्हणाले. "मी तुमचीच वाट बघत होतो. धबधबा नेमका कुठंय हो?"

"काय?"

"धबधबा! तुमचा लेख छापून आला आणि मुख्य कचेरीतून फोन. 'तुमच्याकडे धबधबा आहे हे आम्हाला पेपरातून कळतं? अहवालात का नाही?' आता नाही म्हणावं, तर पेपरात आलंय. मी कळवून टाकलं, धबधबा आहे, देखभालीचं काम चालू आहे."

"पण... तुम्ही आत जाऊन बघितलं नाही?"

अधिकाऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "माझी बदली नवीन आहे. आणि खरं सांगू? मला जंगलाची जरा भीतीच वाटते. मी आपला कचेरीतूनच बघतो. बाण लावून घेतलेत सगळीकडे. तुम्ही पुढे व्हा, मी मागून येतो."

"नाही नाही. अधिकारी तुम्ही. तुम्ही पुढे व्हा."

"छे छे, तुम्ही पाहिलेलं आहे."

शेवटी दोघे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, दोघांपैकी कुणीच पुढे दिसणार नाही अशा बेतानं निघाले. मागून वाचक. वाटेवर खरंच पाट्या होत्या. 'धबधब्याकडे', आणि खाली बाण. फाटा आला की बाण. उपसंपादकाला दर बाणाला घाम फुटत होता, आणि मागून भूगोलबाई दर बाणाला म्हणत होत्या, "किती छान सोय केलीय!" आजूबाजूला उंच झाडं होती, वर कुठेतरी एक पक्षी जीव तोडून ओरडत होता. पण वर बघायला सवड कुणाला होती? सगळ्यांच्या नजरा पुढच्या बाणाकडे.

बाण संपले ते एका काळ्या कातळासमोर. उंच, सरळ, आणि जिभेला कोरड पडावी इतका कोरडा. समोर लोखंडी कठडा, आणि कठड्याला मोठी पाटी: 'धबधबा. पाण्यात उतरू नये.'

"इथंच का?" उपसंपादकानं ओठ न हलवता विचारलं.

"पाट्या लावणारे इथं दमले," अधिकारी तसेच पुटपुटले.

वाचक कठड्याला येऊन उभे राहिले. कातळावरून एक सरडा सावकाश चालत गेला. सगळ्यांनी तो जाईपर्यंत बघितला. उपसंपादकाच्या डोळ्यांसमोर निधनवार्तांचं पान उभं राहिलं. आता आपणच सांगून टाकावं, एकदाचं मोकळं व्हावं, म्हणून त्यानं तोंड उघडलं.

"पाणी कुठंय?" भूगोलबाईंनी विचारलं.

"पाणी..." अधिकारी सावरून म्हणाले, "पाणी सध्या बंद आहे."

"कधी सोडता?" मागून एका वाचकानं विचारलं. "सकाळी की संध्याकाळी?"

भूगोलबाईंनी चष्मा वर सरकवला, कातळाकडे एकटक बघितलं, मान डावीकडे केली, उजवीकडे केली. उपसंपादकानं डोळे मिटून घेतले. आयुष्यभर बाईंनी मुलांच्या वह्यांत लाल शाईनं फुल्या मारल्या होत्या. आज एक फुली त्याच्या कपाळावर येणार होती. पण त्या क्षणी बाईंच्या डोळ्यांसमोर कातळ नव्हताच. तिथे त्यांची अख्खी कॉलनी उभी होती.

"रेषा बघा," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "त्या उभ्या रेषा. पाण्याच्या झिजेच्या आहेत. हा हंगामी धबधबा आहे. आणि जातिवंत आहे!"

"मला वाटलंच," कॅमेरेवाले डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फटाफट फोटो काढायला सुरुवात केली.

"गारवा जाणवतोय नाही?" कुणीतरी म्हणालं.

"आवाजसुद्धा येतोय बारीक. आतल्या आत वाहत असणार."

एवढ्या लांब येऊन, गाडीत हाडं खिळखिळी करून घेऊन, आपण काहीच बघितलं नाही, असं घरी सांगायची तयारी एकाचीही नव्हती. बघता बघता धबधब्यानं जोर धरला. "पावसात तर काय दिसत असेल!" इथपासून "आत्ताच तुषार आला माझ्या हातावर," इथपर्यंत मजल गेली. तुषार घामाचा होता. अधिकाऱ्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. पाटीशेजारी फोटोसाठी रांग लागली.

सुटलो, असं उपसंपादकाला वाटलं, आणि त्याबरोबर सकाळची गाडी पुन्हा उचल खाऊ लागली. तोंडाला रुमाल लावून तो कातळाच्या मागच्या बाजूला पळाला. तिथे उतारावर त्याची बायको एकटीच दगडावर बसली होती. खाली ओढ्याचा एक लहानसा डोह होता. पाटी नव्हती, बाण नव्हता.

"श्शू!" ती म्हणाली. "बसा खाली. हलू नका."

"अगं, वाचलो! बाईंना धबधबा दिसला!"

"गप्प बसा हो. तिकडे बघा. दिसतंय?"

"काय?"

"त्या मुळाशी. आता? आता स्पष्ट?"

आणि मग त्याला दिसलं. पाण्यातून एक गोल, ओलं डोकं वर आलं. मिशांवरून पाणी निथळत होतं. पाणमांजर! त्याच्या मागून दुसरं आलं, आणि दोन पिल्लं. मोठ्या पाणमांजरानं मासा पकडला होता, आणि पिल्लं त्याच्यासाठी एकमेकांच्या अंगावरून कोलांट्या खात होती. एक पिल्लू दगडावरून घसरून पाण्यात पडलं, वर आलं आणि पुन्हा मुद्दाम घसरलं.

उपसंपादकाची मळमळ कुठल्या कुठे गेली. इतकी वर्षं तो धुक्याबद्दल, पावलांबद्दल, थबकण्याबद्दल लिहीत आला होता, आणि आज तो पहिल्यांदा थबकला होता. त्याला फार आनंद झाला. इतका की त्यानं बायकोचा हात धरला. तिनं तो सोडवला नाही.

परतीच्या वाटेवर गाडी लागायची ती लागलीच. पण या खेपेला तो पिशवीत तोंड घालून हसत होता. पिशवीतून डोकं बाहेर काढून तो बायकोला म्हणाला, "हे लिहिणार मी. पुढच्याच रविवारी."

"नका लिहू."

"का? अगं, खरं आहे हे! आपण बघितलंय!"

"म्हणून तर म्हणते. तुमच्या सदरात ते कसं बसणार?"

त्यानं ऐकलं नाही. सहल गाजली, संपादकांनी पाठ थोपटली, पुरवणी त्याच्या हातात आली. आणि नव्या पुरवणीप्रमुखानं पहिलाच लेख लिहिला, 'डोहातलं घर'. आयुष्यात प्रथमच त्यानं एकही अक्षर फुगवलं नाही. जेवढं दिसलं तेवढं लिहिलं. लिहून झाल्यावर त्यानं तो बायकोला वाचून दाखवला. "चांगला झालाय," ती म्हणाली आणि सुस्कारा सोडला.

सोमवारी भूगोलबाई कचेरीत हजर. सोबत डॉक्टर आणि सहलीतली निम्मी मंडळी.

"हे काय लावलंय?" बाईंनी पुरवणी संपादकांच्या टेबलावर आपटली. "पाणमांजर? आम्ही सगळे तिथंच होतो! धबधब्यापाशी! आम्हाला कसं दिसलं नाही?"

"माझ्या एकाही फोटोत पाणमांजर नाहीये," डॉक्टर म्हणाले. "धबधबा आहे."

"कॉलनीतले विचारतायत, पाणमांजर बघितलंत का? मी काय सांगू? लेखकानं कल्पनेचे घोडे दामटायचे, आणि तोंडघशी आम्ही पडायचं?"

"बाई, ते मागच्या बाजूला होतं," उपसंपादक कळवळून म्हणाला. तो आता पुरवणीप्रमुख होता, पण कळवळताना उपसंपादकच होता. "मी या डोळ्यांनी पाहिलं. माझ्या बायकोनं पाहिलं!"

"घरातला साक्षीदार चालत नाही," डॉक्टर म्हणाले.

संपादकांनी निकाल लावायला थेट वनाधिकाऱ्यांनाच फोन केला. पलीकडून ते कळवळले. "साहेब, कृपा करा हो! आधीच त्या धबधब्यानं माझी झोप उडवलीय. आता मुख्य कचेरी म्हणते, पाणमांजर अहवालात का नाही? आहे म्हटलं तर त्यांची मोजदाद आली, म्हणजे मला आत जाणं आलं! मी स्पष्ट कळवलंय. उद्यानात पाणमांजर नाही. धबधबा आहे."

पुढच्या रविवारी पुरवणीत ठळक चौकट आली. 'गेल्या रविवारच्या लेखातील पाणमांजराविषयीचा मजकूर काल्पनिक होता. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. धबधब्याविषयीची माहिती अचूक आहे.' ही चौकट उपसंपादकालाच लिहावी लागली. शब्द थोडे कमी पडत होते म्हणून पान लावणाऱ्यानं चौकटीला वेलबुट्टी लावली.

सोमवारपासून तो निधनवार्तांच्या पानावर बसू लागला. काम तसं निवांत होतं. थोडं खोटं तिथेही लिहावं लागायचंच. जो जाईल तो मनमिळाऊ. सदर दुसऱ्याकडे गेलं, पण रविवार मोकळे झाले. त्याला वाईट वाटत होतं. अगदी मनातून वाटत होतं. खोट्यावर बढती आणि खऱ्यावर गच्छंती, हे काही केल्या त्याच्या गळी उतरत नव्हतं.

एका रविवारी बायकोनं त्याला उठवून एसटी स्टँडवर नेलं. तो बाकावर डोळे मिटून बसला होता. ती फलाटावरून धावत आली.

"अहो, चला, गाडी लागली!"

"मलाही," तो म्हणाला आणि उठला.

उद्यानात आता ही गर्दी होती. धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेवर पावलागणिक माणूस. कठड्याजवळ फोटोसाठी रांग, आणि पाटीखाली नवी पाटी: 'पाणी सध्या बंद आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' दोघे रांगेच्या कडेकडेनं कातळामागे गेले आणि दगडावर जाऊन बसले. डोहापाशी मात्र एकही माणूस नव्हता. पिल्लं आता मोठी झाली होती. घसरायची हौस मात्र तशीच होती.

इतक्यात वरून पाला खसखसला. गळ्यात दुर्बीण घातलेला एक गृहस्थ उतारावर डोकावत होता. पाण्यात चार डोकी एकदम गडप झाली.

"काय हो," गृहस्थानं विचारलं, "इथं म्हणे पाणमांजरं आहेत. मागे कुठंसं छापून आलं होतं. खरं का?"

बायकोनं श्वास रोखून नवऱ्याकडे बघितलं. तो मान वळवून अगदी शांतपणे म्हणाला, "छे हो! नाहीत म्हणून पेपरात छापून आलंय की. तुम्ही वाचलं नाहीत?"

"असं होय?" गृहस्थाचा चेहरा उतरला. "मग इथं बघण्यासारखं काय आहे?"

"धबधबा आहे ना," उपसंपादक म्हणाला. "बाणाबाणानं सरळ जा. अप्रतिम आहे."